आवाज आला की हात खाली

मी घण बोलतोय. जरा लांबच उभे राहा. माझ्या फार जवळ उभं राहून आजवर कुणाचं भलं झालेलं नाही, आणि माझा स्वभावही तापट. आता वयानं थोडा निवळलोय, पण लोखंडाचा भरवसा धरू नये.

माझा जन्मच मारहाणीत झाला. एका भंगारातल्या मालगाडीच्या आसाचा तुकडा भट्टीत लालभडक झाला, लोहारानं तो चिमट्यानं ऐरणीवर ओढला आणि त्याच्या धाकट्या भावानं माझ्यावर घाव घालायला सुरुवात केली. का मारता, मी काय केलं, हे विचारायची सोय नव्हती. मार खाता खाता मला तोंड आलं, चार कडा आल्या, मधे दांड्यासाठी भोक पडलं. मनात एकच गोष्ट पक्की बसली: या जगात एक तर मार खायचा, नाही तर द्यायचा.

शेवटी मला पाणी पाजायची वेळ आली. धाकटा म्हणाला, "टाक की पाण्यात. गिऱ्हाईक दारात उभंय."

लोहार म्हणाला, "उभं राहू दे. रंग उतरल्याशिवाय नाही. घाईनं बुडवला तर आतून तडकेल आणि कुणाचा तरी डोळा जाईल."

त्या थांबण्याचा मला तेव्हाही राग आला होता.

दारात उभं असलेलं गिऱ्हाईक म्हणजे एक पाथरवट. हाडकुळा, पाठीत वाकलेला, पण हाताची बोटं माझ्या दांड्याइतकी टणक. पुढं त्याची सून त्याला मामंजी म्हणायची, म्हणून मीही मामंजीच म्हणतो. हे मामंजी खाणीजवळच्या लहानशा चर्चमधले वडील, म्हणजे मंडळीनं निवडलेले ज्येष्ठ. पाळकसाहेब बाहेरगावी गेले की उपासना हेच चालवायचे, आणि मंडळी खूश व्हायची, कारण यांचा उपदेश आटोपशीर असायचा.

दगड फोडणं म्हणजे दणक्यावर दणका, असा माझा समज होता. मामंजींनी पहिल्याच दिवशी माझा हिरमोड केला. त्यांनी मोठ्या दगडावर एका ओळीत भोकं पाडली, प्रत्येक भोकात एक पोलादी पाचर बसवली आणि मला उचलून एकेका पाचरीवर एकेक घाव घातला. या टोकापासून त्या टोकापर्यंत, सगळ्यांवर सारखा. मला नुकता कुठं जोर चढत होता, तोच त्यांनी मला खाली ठेवलं. डोक्यावरचा रुमाल सोडून मांडीवर घेतला आणि दगडाला म्हणाले, की वर बघून म्हणाले, मला तेव्हा कळलं नाही:

"प्रभू, माझं झालं. आता तुझं."

आणि बसून राहिले. दगड जागचा हलला नाही. मी मनात चरफडत होतो. पलीकडचे कामगार हसत होते. "म्हाताऱ्याचा देव जेवायला गेलाय वाटतं!" एक जण ओरडला. मामंजींनी त्याच्याकडे बघून मान डोलावली, जसं काही त्यानं खबरच दिली होती.

मग बऱ्याच वेळानं दगडाच्या पोटातून आवाज आला. टक्. इतका बारीक, की शेजारी कुणी खोकलं असतं तर ऐकू आला नसता.

हा आवाज आला की खाणीतला नवखा गडी हमखास उडी मारून उठतो आणि घण उचलतो. दगड वठणीवर आला, अजून एक ठेवून दिला की काम फत्ते, असं त्याला वाटतं. तिथंच तो फसतो. आतली भेग त्या वेळी स्वतःची वाट काढत असते. वरून दणका बसला की ती बिथरते, वाकडी पळते, आणि चांगल्या ठोकळ्याच्या ढलप्या होतात. म्हणून मामंजींचा एकच नियम होता, तो ते नव्या माणसाला आधी शिकवायचे आणि मग माझा दांडा हातात द्यायचे: आवाज आला की हात खाली.

त्यांचा मुलगा हा नियम हसत हसत शिकला. त्याला सगळे हसऱ्याच म्हणायचे. बोलणी खाल्ली तरी हसायचा, पायावर दगड पडला तरी आधी हसायचा आणि मग बोंबलायचा. त्याच्या बायकोला मात्र हा नियम कधी पचला नाही. तिचं नाव पडलं होतं दांडगी. लग्न होऊन आली त्याच आठवड्यात तिनं मला उचललं, आणि काय सांगू, असा हात मला त्याआधी भेटला नव्हता! मी तिच्या डोक्यामागून यायचो तेव्हा वारा कापत यायचो. हसऱ्या बाजूला उभा राहून म्हणायचा, "मामला कठीण आहे. रात्री भांडण झालं तर मी बाहेर झोपेन."

"बाहेर कशाला? माळ्यावर झोप. तिथंवर माझा हात पोचत नाही," ती म्हणायची.

ते दिवस तेवढेच.

खाणीचा मुकादम चिडका माणूस होता. ठेकेदार येणार असला की त्याच्या अंगात यायचं. अशाच एका दुपारी त्याला सुरुंग उडवून दाखवायचा होता. खाली खड्ड्यात माणसं काम करत होती. नियम असा, की आधी शिट्टी फुंकायची, सगळे वर आले की मगच वात पेटवायची. मुकादमानं शिट्टी न फुंकताच काडी ओढली.

वरच्या कड्यावर त्याच्याजवळ फक्त हसऱ्या होता आणि शेजारी टेकवून ठेवलेला मी.

"मुकादम, शिट्टी राहिली. खाली माणसं आहेत."

"त्यांना पळायला पाय आहेत. तू तुझं काम बघ."

हसऱ्यानं पुढं होऊन पेटती वात ओढून काढली आणि टाचेखाली चिरडली. त्या वेळीही तो हसतच होता, भांडण वाढू नये म्हणून. मुकादमाला ते हसणं झोंबलं. त्यानं इकडंतिकडं बघितलं, मी हाताशी होतो, त्यानं मला उचललं.

पहिला घाव खांद्यावर बसला. हसऱ्या गुडघ्यांवर आला. त्यानं एक हात वर केला, "अहो, अहो," इतकंच म्हणाला. दुसरा घाव डोक्यावर बसला.

मी जन्मभर दगड फोडले आहेत. दगड घणाला परत ढकलतो. हाड ढकलत नाही. मी आत गेलो, आणि ज्या हातांनी मला रोज तेल लावलं होतं ते हात माझ्यासमोर मातीत वळवळून थांबले. मला त्या माणसाच्या मुठीतून सुटून त्याचंच कपाळ फोडायचं होतं. पण घणाला स्वतःचा हात नसतो.

"बघितलंय कोणी?" मुकादम स्वतःशीच म्हणाला आणि मागं वळला.

मागं मोठ्या धोंड्याच्या आडोशाला त्याची बायको उभी होती, त्याच्या जेवणाचा डबा घेऊन. तिला लोक मुकी म्हणायचे. मुकी नव्हती ती, नवऱ्याच्या हातचा मार खाऊन खाऊन बोलायची थांबली होती. डबा तिनं दोन्ही हातांनी छातीशी धरला होता, तो पडला नाही.

"घरी जा," मुकादम म्हणाला.

ती गेली. मग त्यानं मला साचलेल्या पाण्यात धुतलं, घासून धुतलं, आणि होता तिथं टेकवून ठेवलं. मग शिट्टी फुंकली. जी शिट्टी फुंकायला हसऱ्या सांगत होता, तीच. माणसं पलीकडच्या बाजूनं वर पळाली, त्यानं दुसरी वात पेटवली, सुरुंग उडाला, दगडांचा पाऊस पडला, आणि धुरळा बसल्यावर मुकादम ओरडला, "अरे, धावा! याच्या डोक्यात दगड पडला!"

दांडगी धावत आली. तिनं नवऱ्याचं डोकं मांडीवर घेतलं, जखम बघितली आणि रडायची थांबली. घरी आणल्यावर, त्याला आंघोळ घालायच्या आधी, तिनं मला कोपऱ्यातून उचललं आणि माझं तोंड त्या जखमेजवळ नेलं. कडेला कड जुळली. मामंजींनी तोंड फिरवलं.

फौजदार आला तेव्हा ती त्याला म्हणाली, "साहेब, दगडाला चार सारख्या कडा नसतात. ही जखम घणाची आहे, आणि वर मुकादमाशिवाय कोणी नव्हतं."

"बाई, तू दगड फोडतेस की मुडदे तपासतेस?" फौजदार म्हणाला. "साक्षीदार आहे कोणी?"

कोणी नव्हतं. म्हणजे एक होती, आणि एक मी होतो. दोघंही गप्प.

हसऱ्याला पुरून आल्यावर दांडगी मला खाणीच्या डोहात फेकायला निघाली. मामंजींनी दांडा धरला. "टाकू नकोस, पोरी. पुढं लागेल."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. तिला वाटलं, म्हाताऱ्याच्या मनातही तेच आहे. मलाही तसंच वाटलं आणि मी खूश झालो. तिनं त्या दिवसापासून मला उशाशी ठेवलं.

पण मामंजींनी काहीच केलं नाही. फौजदाराकडे जाऊन जे माहीत होतं ते परत सांगून आले, ठेकेदाराला सांगून आले, पाळकसाहेबांना बरोबर घेऊन वरच्या साहेबाकडेही जाऊन आले. मग घरी येऊन रुमाल सोडून बसले. "प्रभू, माझं झालं. आता तुझं."

दांडगी उसळली. "काय झालं तुमचं? कुठं काय झालं? तुमचा देव बहिरा आहे का, मामंजी? की त्यालाही साक्षीदार लागतो?"

"मलाही तेच विचारायचंय त्याला," मामंजी म्हणाले. "रोज विचारतो."

"मग?"

"मग काय. बसतो."

त्यांचं ते बसणं सोपं होतं असं समजू नका. मी कोपऱ्यातून बघायचो. मांडीवरचा रुमाल ते तोंडात धरायचे, आणि उठायचे तेव्हा त्याला दातांची भोकं पडलेली असायची.

पोट तर भरायला हवं, म्हणून दोघं त्याच खाणीत, त्याच मुकादमाच्या हाताखाली कामाला जात राहिली. मुकादम त्यांना सगळ्यात वाईट कडा द्यायचा. एकदा पाणी प्यायला वाकलेल्या मामंजींना त्यानं मागून लाथ मारली. म्हातारा तोंडावर पडला, ओठ फुटला. "म्हातारपणी तोल जातो," मुकादम हसला आणि आमचा दगड बघायला वाकला. त्याची मान माझ्याखाली, अगदी मापात. दांडगीनं मला उचललेलं होतं. मार, मी म्हणत होतो, आता मार, यापेक्षा चांगली संधी येणार नाही!

मामंजी मातीतूनच म्हणाले, "पाचर बघ, पोरी. पाचरीकडे बघ."

तिनं पाचरीवर मारलं. पण सगळा राग त्या एका घावात उतरला. पाचर आत घुसली, दगड आडवा फाटला, एक कपची उडून तिच्याच गालात शिरली. मुकादमानं हसत हसत अख्ख्या दिवसाची मजुरी कापल्याचं सांगितलं. गालावरून रक्त गळत होतं आणि ती ढलप्या लाथांनी उडवत होती.

एका रविवारी मुकी चर्चमध्ये आली.

आमच्या चर्चमध्ये खाणीतली माणसं हत्यारं बाहेरच्या ओट्यावर ठेवून आत जायची. मी तिथंच, पहारींच्या आणि छिन्न्यांच्या घोळक्यात होतो. मुकी पायऱ्यांशी घुटमळली, डोक्यावरून पदर ओढून घेतला आणि शेवटच्या बाकाच्या टोकाला जाऊन बसली. आत गाणं चाललं होतं, ते मधेच अडखळलं. मग बाक सरकल्याचा मोठा आवाज झाला.

दांडगीनं तिला केसांना धरून बाहेर ओढत आणलं. "माझ्या नवऱ्याला मारून पोट भरलं नाही तुमचं? आता देवासमोरही येऊन बसलीस? त्यानं पाठवलं का तुला, आम्ही काय मागतोय ते ऐकायला?"

मुकीनं हात वर केले नाहीत. तिनं तोंड उघडलं. "मी..." एवढाच शब्द बाहेर आला.

दांडगीनं त्या उघड्या तोंडावर मूठ मारली. मग दुसरी. ओठ दातांवर आपटून फाटला. मुकी पायऱ्यांवरून खाली गडगडली, तरी दांडगी तिच्या अंगावर गेली, लाथा मारल्या. चार माणसांनी तिला मागं ओढलं तेव्हा तिच्या मुठीत केसांचा पुंजका होता. खरं सांगतो, मी ओट्यावर थरथरत होतो, आनंदानं. मुकीनं काय बघितलंय हे मला ठाऊक होतं. ती का आली असेल, हे मला कळायला हवं होतं. पण मारामारी दिसली की माझं डोकं चालत नाही.

मुकी उठली, पदरानं तोंड दाबलं आणि मागं न बघता गेली.

पाळकसाहेब खूप बोलले.  घरी आल्यावर मामंजी म्हणाले, "ती का आली असेल, हे विचारलंस का तिला?"

"काय विचारायचं?"

"आवाज आला होता, पोरी. आवाज आल्यावर तू मारलंस."

 दांडगी हळूहळू भिंतीला टेकून खाली बसली. स्वतःच्या मुठीकडे बघत राहिली. त्या मुठीवर मुकीच्या दातांचे वण होते. हसऱ्या गेला त्या दिवशी रडली नव्हती तेवढी ती तेव्हा रडली, गुरासारखी ओरडून रडली.

"गेला का दगड वाया?" तिनं शेवटी विचारलं.

"दगड गेला असता," मामंजी म्हणाले. "माणूस जाईलच असं नाही. आता मात्र थांब. आता खरंच थांब."

ती मुकीच्या घरी माफी मागायला गेली, तर मुकादमानं दार उघडून तिच्यावर कुत्रं सोडलं. त्यानंतर ती दर रविवारी शेवटच्या बाकावर बसू लागली. बाकाचं टोक मोकळं सोडून. कुणी तिथं बसायला आलं की म्हणायची, "जागा धरलीये." लोक म्हणायचे, कुणासाठी? ती हातानं बाकाचं टोक पुसायची. मी ओट्यावरून बघायचो आणि मनात म्हणायचो, ही तर पार मामंजींसारखी झाली! असे किती रविवार गेले ते मोजायला मला येत नाही. जागा मोकळीच राहायची. मुकी बाहेरून जाताना दिसायची, कधी काळानिळा डोळा, कधी फडक्यात बांधलेला हात. एकदा पायऱ्यांशी थांबून आत बघून गेली. दांडगीनं मान वळवली नाही. फक्त थोडी आत सरकली, जागा जरा मोठी केली.

मग एका संध्याकाळी आमच्या दारावर लाथ बसली.

कडी तुटून मुकादम आत आला. हातात पहार होती. "कुठाय ती? घर सोडून गेली! तूच फूस लावलीस!" मामंजी मधे आले. त्यानं पहार आडवी फिरवली. म्हाताऱ्याच्या बरगड्या मोडल्याचा आवाज मी कोपऱ्यातून ऐकला. ते पडले तरी त्यानं पाठीवर आणखी एक मारली.

दांडगीनं मला उचललं. फिरवायला जागा नव्हती, म्हणून तिनं मला भाल्यासारखं सरळ त्याच्या छातीत खुपसलं. मुकादमाचा श्वास अडकला, पहार सुटली, तो उताणा आदळला. तिनं त्याच्या गळ्यावर पाय ठेवला आणि मला दोन्ही हातांनी डोक्यावर नेलं.

अहाहा! किती दिवस मी या क्षणासाठी जगलो होतो! खाली तेच कपाळ होतं.

"मार," मुकादम घुसमटत म्हणाला. "बघितलंय कोणी? मार आणि जा फासावर."

"पोरी," मामंजींच्या तोंडातून रक्ताचा फेस येत होता. "आवाज आला."

"तुमच्या बरगड्यांचा आवाज आला!"

"हा आलाच कशाला इथं? विचार कर. बायको घर सोडून गेली म्हणतो. कुठं गेली असेल ती?"

तिला कळलं. मला तिच्या हातांतून समजलं की तिला कळलं. पण हात खाली येईनात. मी तसाच वर लटकून राहिलो. माझं सगळं वजन खाली ओढत होतं आणि तिचे दंड थरथरत होते.

"प्रभू," ती दातओठ खाऊन म्हणाली, "माझं... माझं झालं नाही! माझं अजून झालं नाही रे!" ती किंचाळली आणि मी खाली आलो.

मी त्याच्या कानाशेजारी फरशीवर आदळलो. फरशीचे तुकडे झाले, त्याचा कान कापला गेला. त्याच्या कपाळाला मी शिवलो नाही. शेवटच्या क्षणी तिनं मनगट वळवलं होतं. मुकादम लहान मुलासारखा रडायला लागला आणि त्याची विजार ओली झाली.

"झालं," ती म्हणाली. "आता तुझं."

तिनं पहार दाराबाहेर फेकली, मामंजींचं डोकं मांडीवर घेतलं, मला दाराच्या वाटेत आडवं टाकलं आणि मुकादमाला म्हणाली, "हलू नकोस. बस. आता आपण सगळेच बसू." तिघं बसून राहिली. एक जण कण्हत होता, एक जण रडत होता. तिचा श्वास हळूहळू खाली येत होता. मला आयुष्यात पहिल्यांदा पडून राहण्याची लाज वाटली नाही.

बाहेर पावलं वाजली. दारात मुकी होती, मागं फौजदार आणि दोन शिपाई. मुकीच्या ओठावर वण होता, वेडावाकडा. तिनं आत बघितलं, नवऱ्याकडे नाही, माझ्याकडे. बोट केलं.

"हाच तो घण," ती म्हणाली. आवाज गंजलेला होता, पण शब्द स्वच्छ. "यानंच त्यांनी हसऱ्याला मारलं. मी धोंड्यामागं होते. पाण्यात धुतला, मग शिट्टी फुंकली."

मी त्याच्या कपाळावर पडलो असतो, तर त्या फौजदाराला तिथं एक मुडदा आणि मला हातात धरलेली एक बाई सापडली असती. मुकीचं ऐकायला कुणी उरलं नसतं. हे मला तेव्हा नाही कळलं. लोखंडाला उशिरा कळतं.

दांडगीनं विचारलं, "त्या रविवारी... काय सांगायला आली होतीस?"

"हेच," मुकी म्हणाली.

"मग एवढे दिवस..."

"भीती वाटली. त्यांची. तुझीही."

 दांडगी पदराचं टोक ओलं करून मामंजींचं तोंड पुसत राहिली.

मला ठाण्यावर नेलं आणि जप्तीच्या वस्तू ठेवतात त्या मालखान्यात टाकलं. गळ्यात चिठ्ठी, अंगावर धूळ. शेजारी सुरे, कोयते, एक चाक नसलेली सायकल. सगळ्यांना एकदा कुणीतरी रागानं उचललं होतं, आणि आता कुणी उचलत नव्हतं. सुरुवातीला मी फार तडफडलो. मग गंज चढला, दांडा वाळून ढिला झाला. मामंजी दगडाशेजारी बसून काय करत असतील, ते मला तिथं थोडं थोडं कळलं. ते रिकामे बसत नव्हते. ते ऐकत असायचे. मीही ऐकू लागलो. भिंतीतली वाळवी ऐकली, शिपायांची कुजबुज ऐकली. मधे एकदा मला कोर्टात नेलं, तिथं मुकी न अडखळता बोलली. नंतर पुन्हा अंधार. मुकादमाला जन्मठेप झाली, हेही एका शिपायाच्या तोंडून ऐकलं.

मग एक दिवस दार उघडलं. दांडगी मला न्यायला आली होती. केस पांढरे झालेले. बरोबर मुकी. मी मामंजींचे हात शोधत होतो. ते नव्हते. मोडलेल्या बरगड्यांतून ते परत धड उठलेच नाहीत. निकाल लागायच्या आधीच त्यांनी रुमाल कायमचा ठेवला. त्यांना तो आवाज ऐकायला मिळाला नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. दांडगी म्हणते, त्यांनी तो सगळ्यांच्या आधी ऐकला होता.

आता मला नवा दांडा आहे. मुकीला माहेर नाही, सासर उरलं नाही, म्हणून ती दांडगीच्या घरी राहते. दोघी भांडतात, मिठावरून, झाडण्यावरून, आणि शेवटच्या बाकावर शेजारी बसतात. आज दांडगीनं मला खाणीत आणलं आणि दांडा मुकीपुढं धरला.

"याला मी हात लावणार नाही," मुकी म्हणाली.

"मलाही डोहात टाकायचा होता. मामंजी म्हणाले, पुढं लागेल. धर."

मुकीनं मला धरलं.  एकेका पाचरीवर एकेक घाव, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग मला खाली ठेवलं. दोघी दगडाच्या दोन बाजूंना बसल्या. "प्रभू, आमचं झालं," दांडगी म्हणाली. मुकी म्हणाली, "आता तुझं."

तुमच्याकडे माझं मागणं एवढंच आहे. कुणावर हात उगारलात, तर मला जरा तसंच वर धरून ठेवा. मी जड आहे, दंड भरून येतील, तरी धरा. आणि कुठं काही ऐकू येतंय का बघा.

आता श्श. बराच वेळ झालाय. मुकी विचारते, "नाहीच आला आवाज तर?"

"तर उद्या येऊन बसू."

टक्.

मुकीचा हात झटकन माझ्या दांड्यावर आला. दांडगी नुसती बघत राहिली. मुकीची बोटं आवळली आणि सुटली. तिनं हात उचलला आणि स्वतःच्या ओठावरच्या वणावर ठेवला.

मी त्या दोघींच्या मधे मातीत पडून आहे. माझं झालं.